अभिजात साहित्यात संघर्ष आणि पूर्वसूचना यांतून वातावरण कसं तयार होतं?

पूर्वसूचनेने वाचकाला धास्ती लागते आणि संघर्ष ती ओसरू देत नाही. शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ हे नाटक घ्या. त्यात सरदार मॅकबेथ आणि त्याची बायको लेडी मॅकबेथ, घरी पाहुणा येणाऱ्या राजा डंकनच्या खुनाचा बेत आखतात. पहिल्याच अंकात लेडी मॅकबेथ म्हणते, डंकनच्या येण्याची वर्दी देणारा डोमकावळासुद्धा घोगरा झालाय. लगेच पुढच्या प्रवेशात राजा डंकन मॅकबेथच्या किल्ल्यासमोर उभा राहून तिथल्या हवेचं कौतुक करतो, सोबतचा सरदार बँको भिंतीवरची पाकोळ्यांची घरटी दाखवतो. एरवी किती प्रसन्न वर्णन! पण खुनाचा बेत आपल्याला ठाऊक असतो, म्हणून तेच वाचताना पोटात गोळा येतो. मग मॅकबेथचा स्वतःशीच झगडा: डंकन नातलग, राजा, वर पाहुणा, यजमानाने खुन्याला दार बंद करायचं, स्वतः सुरा उचलायचा नाही. हे सगळं नीट कळूनही तो उचलतो. मला नाटकातल्या भाकीत सांगणाऱ्या चेटकिणींपेक्षा याचीच जास्त भीती वाटते.