तो कागद उलटा वाच

पोरी,

रविवारी तू तुझ्या आणि मैत्रिणीच्या लडाखच्या बाइक-सहलीच्या आखणीचा कागद दाखवलास तेव्हा तुझी आई शेजारीच पोहे वाढत उभी होती, म्हणून मी 'छान आहे' म्हणून मोकळा झालो. कागद छान नाही. मनाली, जिस्पा, सारचू, लेह असे एकेका रात्रीचे मुक्काम नकाशावर सरळ दिसतात, अंतरंही बेताची आहेत. पण किलोमीटर मोजून मुक्काम ठरवायची सवय आपल्याला कोकणातल्या रस्त्यांनी लावलेली. तिकडे मुक्काम उंची बघून ठरवतात.

मनाली साधारण २,०५० मीटरवर, जिस्पा ३,२०० आणि सारचू ४,३०० च्या आसपास. तीन हजारांच्या वर गेलं की रोजची झोपायची जागा पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, नाहीतर विरळ हवा बाधते, असं डॉक्टर सांगतात. तू एका रात्रीत अकराशेची उडी घेते आहेस. त्यात सारचूची खरी गोम अशी, की तिथून खाली पळता येत नाही. मागे बारालाचा खिंड, ४,८९० मीटर. पुढे नकी ला आणि लाचुंग ला ('ला' म्हणजे खिंड). उतरायचं म्हटलं तरी आधी चढावं लागतं.

हे मला २००९ च्या जुलैत कळलं. अटल बोगदा तेव्हा नव्हता, रोहतांगचा चिखल तुडवत जावं लागे. मी आणि माझा मित्र, दोघांच्या साडेतीनशेच्या गाड्या. पाचच्या सुमारास सारचूला तंबूसमोर गाड्या लावल्या. तो खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडायला वाकला आणि तसाच राहिला. नाडीचं टोक बोटांत, नजर जमिनीवर. मी सामान उतरवून चहा सांगून आलो, तरी नाडी तशीच. मी विचारलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "हो रे, दमलोय." मी ते मान्य केलं. मला मान्य करायचंच होतं. रात्री त्याने ताटाला हात लावला नाही. हा माणूस लग्नाच्या पंगतीत जिलेबीचं तिसरं वाढप घेणारा! दीडच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या, आणि बाहेर जायला उठला तर पाय दारुड्यासारखे पडायला लागले.

उजाडल्यावर तंबूवाल्याने एक जीप गाठून दिली. तिने त्याला बारालाचा ओलांडून केलाँगला नेलं, मी मागून गाडीवर. संध्याकाळपर्यंत तो वरणभात मागत होता, इतका फरक बाराशे मीटरने पडतो. दुसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं की डोकं आदल्या दुपारपासूनच ठणकत होतं. बोलला नाही, कारण वर्षभर मी त्याच्यापाशी खारदुंग लाचाच जप लावला होता. माझी सहल बुडवायची त्याला लाज वाटली. (त्या खिंडीत मिरवलेली १८,३८० फुटांची पाटीही खोटी निघाली. उपग्रहाच्या मोजणीत ती सुमारे १७,५८० फूट भरते. अशा आकड्यासाठी मी मित्राला रात्रभर ओकायला लावलं.)

म्हणून मैत्रिणीला 'बरी आहेस ना' असं विचारू नकोस. त्याचं उत्तर 'हो' हेच येतं. डोकं दुखतंय का, दहापैकी किती, दुपारी किती खाल्लंस, लघवीला शेवटचं कधी गेलीस, असं विचार. चवड्याला टाच लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला लाव. तोल जात असेल तर सकाळची वाट बघायची नाही, खाली न्यायचं. आणि हेच सगळं तिने तुला विचारायचं. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं म्हणशील तर आपल्या डॉक्टरांना विचारून घे, सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांग.

निघण्यापूर्वी एक गोष्ट दोघींनी बोलून ठेवा: 'परत फिरू या' हे दोघींपैकी कुणीही म्हणायचं, दुसरीने कारण विचारायचं नाही. चेष्टा तर त्या दिवशी नाहीच. घरी आल्यावर हवी तितकी करा.

आता कागदाचं. तो उलटा वाच, एवढंच करायचं आहे. गाड्या पुण्याहून रेल्वेच्या पार्सलने जम्मूला पाठव (टाकी रिकामी करून द्यावी लागते, आरसीची प्रत जवळ ठेव, आरसे काढून पिशवीत घे). तिथून श्रीनगर, कारगिल, लेह. कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे. वाटेतली सगळ्यात उंच खिंड फोटू ला, ४,१०८ मीटर, ती ओलांडून तुम्ही पुन्हा खाली उतरता. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. लेहला पहिले दोन दिवस गाडीला हात लावू नका. मग नुब्रा वगैरे करून मनालीच्या वाटेने परत या. तेव्हा सारचूला खुशाल राहा.

लेह सोडताना कारूच्या पंपावर टाकी गच्च भर, शिवाय पाच-पाच लिटर कॅनमध्ये घे. याच वाटेच्या मनालीकडच्या टोकाला, तांदीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी लोक फोटोसाठी वापरतात, ती खरं तर वाचण्यासाठी आहे. ओढे सकाळी लवकर ओलांडा, दुपारी बर्फ वितळून तेच पाणी गुडघ्याशी येतं. एकीने ओलांडताना दुसरीने पलीकडे किंवा अलीकडे उभं राहून बघायचं, मोबाइल खिशात ठेवून. आपलं इकडचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, एक तरी पोस्टपेड घ्या.

सुट्या भागांची तुझी यादी लांबलचक आहे, त्यातली निम्मी काढून टाक. क्लचची वायर मात्र नुसती पिशवीत ठेवू नकोस. जुन्या वायरीला लागून तिच्याच वाटेने नवी आत्ताच ओवून ठेव आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळ. थंडीत बधिर बोटांनी टाकीखालून वायर ओवण्यापेक्षा दोन टोकं अडकवणं केव्हाही सोपं.

आणि जूनमध्ये, धो धो पावसात, दोघी ताम्हिणीतून माणगावला जाऊन या. मुक्काम करा, भिजलेले कपडे घाला, उपाशी राहा थोडं. गाडीची परीक्षा नाही ही, तुमची आहे. पुढे कोण जातं, मागचीसाठी कोण थांबतं, भूक लागली की कोण चिडतं, ते मला येऊन सांग. दोघींत जी हळू चालवते तिला पुढे ठेवायचं, हे आत्ताच सांगून ठेवतो. ती पुढे असली की वेग आपोआप तिचा राहतो, आणि आरशात बघत बसायची पाळी येत नाही.

शनिवारी सहानंतर ये, मैत्रिणीला घेऊन. क्लचची वायर तिने बदलायची, तू टॉर्च धरायचीस. नंतर अदलाबदल. हात काळे होतील, चांगले कपडे घालून येऊ नका.

काका