वडापाव हातात धरूनच का खायचा?

प्रिय मनू,

तुझे दोन प्रश्न होते. वडापाव ताटलीत घेऊन काट्या-सुरीने खाल्ला तर काय बिघडलं, हा एक. आणि आपल्या मँचेस्टरसारखी ट्राम मुंबईत होती का, असेल तर लोक तिच्यात बसून वडापाव खायचे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, त्यातूनच पहिल्याचं निघतं.

ट्राम होती. ९ मे १८७४ ला घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ ला विजेची आली आणि १९२० मध्ये दुमजलीसुद्धा. एक मोठा मार्ग भायखळा, लालबाग, परळ असा गिरण्यांच्या वस्तीतून दादरच्या ट्राम टर्मिनसपर्यंत जायचा. त्या जागेला आजही सगळे दादर टीटीच म्हणतात. बसपेक्षा ट्राम हळू, पण तिकीट स्वस्त, म्हणून ती कामगारांची गाडी. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. मँचेस्टरनेही १९४९ मध्ये ट्राम बंद केली होती, पण १९९२ मध्ये परत आणली. मुंबईने आणली नाही.

आता वडापाव. पावात वडा घालून विकायला दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास सुरुवात झाली असं मानतात, आणि त्यात अशोक वैद्य यांच्या गाडीचं नाव पहिलं घेतात. तारखा जुळवून बघ. जुन्या मुंबईच्या गप्पांत ट्राम आणि वडापाव एका दमात येतात, पण दोघांची गाठ पडलीच नाही. ट्रामच्या काळात बटाटेवडा होता, पाव होता, उसळपाव होता. वडापाव आला तो लोकलच्या गर्दीत.

गिरणी कामगार त्याआधी काय खायचे, ते तुला ठाऊक हवं. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढे गिरण्यांची यंत्रं बरीचशी तुझ्या शाळेच्या पलीकडच्या ओल्डहॅममधून, प्लॅट ब्रदर्सकडून गेली. माणसं आली कोकणातून आणि घाटावरून, बहुतेक एकटी, बायकामुलं गावी. चाळीतल्या एका खोलीत अनेकजण राहायचे. गिरणी तीन पाळ्यांत चालायची: सकाळी सात ते दुपारी साडेतीन, तिथून रात्री बारा, आणि बारा ते सकाळी सात. भोंगा वाजला की एक पाळी अंथरुणातून उठायची आणि दुसरी त्याच जागेवर आडवी व्हायची. अशा खोलीत चूल कोण पेटवणार?

म्हणून खानावळ. चाळीतलीच एखादी बाई आपल्या खोलीत रांधायची आणि महिन्याच्या बोलीवर गडी जेवायला यायचे. पगार झाला की हिशोब. कोकणातल्या गड्यांना भात, आमटी, सुकट किंवा सुका बोंबील. घाटावरच्यांना भाकरी, झुणका, उसळ, ठेचा. सुटीच्या दिवशी मासळी किंवा मटण. पण वाण्याचं सामान उधारीवर आणि गड्यांचे पैसे महिनाअखेर, त्यामुळे या बायका सावकाराच्या व्याजात अडकायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते यासाठीच. गिरणगावाचा इतिहास सांगताना युनियन आणि संप येतात, या बायका मागे राहतात. मला ते पटत नाही. त्यांनी रांधलं नसतं तर पाळ्या चालल्या नसत्या.

खानावळीच्या जेवणाला बसावं लागतं. दादरला गाडी बदलणाऱ्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. त्याच्या एका हातात डब्याची पिशवी किंवा लोकलची कडी असते, म्हणजे खायला उरतो एकच हात. उसळपावाला बशी लागते आणि रस्सा सांडतो. वड्याला बशी नको, रस्सा नाही, आणि पाव धरायला असल्यामुळे बोटं तेलकट होत नाहीत. अर्ध्या मिनिटात मिळतं, चार मिनिटांत संपतं, पोट दोन-तीन तास शांत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर ज्यांना पुन्हा काम मिळालं नाही, त्यांतल्या कितीतरी जणांनी वड्याची गाडी टाकली. काट्या-सुरीने खाल्लास तर चव बदलणार नाही, पण पाव, चटणी आणि वडा एका घासात यायला हवेत, आणि सुरी लावली की पाव चेपतो, सारण बाहेर येतं.

शनिवारी तुला स्वतः करायचा आहे, तर नीट सांगतो. हे आठ वड्यांचं.

बटाटे अर्धा किलो, मॅरिस पायपर जातीचे घे. छोटे नवे बटाटे नकोत, ते कुस्करले की चिकट होतात. सालासकट उकड. सोलून-चिरून उकडलेस तर पाणी पितात, आणि वडा फुटण्याचं पहिलं कारण तेच. सोलल्यावर परातीत पसरून वाफ पूर्ण जाऊ दे. मग हाताने कुस्कर, थोड्या गाठी राहू देत.

सहा-सात हिरव्या मिरच्या, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं खलबत्त्यात भरड कुटून घे. मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते आणि मग प्रत्येक घासाला चव एकसारखी लागते. भरड असली की मध्येच मिरची लागते, तीच मजा. दोन चमचे तेलात अर्धा चमचा मोहरी तडतडू दे, हिंग, कढीपत्ता, मग हे वाटण, शेवटी अर्धा चमचा हळद. कच्चा वास गेला की गॅस बंद. फोडणी बटाट्यात घाल, मीठ, मूठभर कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस घाल. साधारण साठ-पासष्ट ग्रॅमचे गोळे कर आणि थोडे चपटे दाब. गोळे पूर्ण थंड झाल्याशिवाय तळायचे नाहीत. आतली वाफ आवरण फोडते आणि सारण तेलात पसरतं.

पिठासाठी एक मोठी वाटी बेसन, एक चमचा तांदळाचं पीठ, पाव चमचा हळद, मीठ आणि चिमूटभर सोडा. सोडा खरंच चिमूटभर. जास्त झाला की आवरण जाळीदार होतं आणि तेल पितं. अर्ध्या वाटीहून थोडं जास्त पाणी लागेल, पण थोडं थोडं घाल. बोट बुडवून वर काढ: पिठाचा जाड थर बोटावर राहिला आणि कातडी दिसली नाही, तर बरोबर. पातळ झालं तर वडा टकला राहतो. घट्ट झालं तर आवरण जाड होतं आणि आत कच्चं लागतं. शेवटी एक चमचा कडकडीत तेल घालून ढवळ.

तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसला तर पिठाचा थेंब टाक: तो तळाशी जाऊन लगेच वर आला पाहिजे. तळाशीच बसला तर तेल थंड, वर येताच काळा झाला तर फार तापलंय. तीन-चारच वडे एका वेळी, नाहीतर तेल उतरतं. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नकोस. तीन-चार मिनिटांत सोनेरी होतात. मोठा भाग आईला करू दे, तू फक्त झारा धर.

उरलेल्या पिठाचे थेंब तेलात पाडून कुरकुरीत चुरा कर. मिरच्या तळायच्या तर आधी चीर दे. न चिरलेली मिरची तेलात फुटते आणि डोळ्यांत उडते. वर मीठ लगेच भुरभुरव, गार झाल्यावर धरत नाही.

चटणी आदल्या दिवशी करून ठेव. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर बदामी भाज, ताटात काढ. त्याच तव्यावर पंधरा लसूण पाकळ्या कोरड्या होईपर्यंत भाज, मग दोन चमचे तीळ. सगळं गार झाल्यावर दोन चमचे लाल तिखट आणि मीठ घालून मिक्सर थांबवत-थांबवत फिरव. सलग फिरवलास तर खोबऱ्याचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. लसूण ओली राहिली तर दोन दिवसांत वास येतो.

पावाचं इथे खरं अवघड आहे. लादीपाव मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर साधे पांढरे मऊ रोल किंवा इथे ‘बाप’ (bap) म्हणतात तो मऊ गोल पाव, वरचं पीठ झटकून. ब्रियोश पाव अजिबात नको. त्यातलं लोणी आणि साखर वड्याची चव मारतात. पाव बाजूने काप, एक कड जोडलेली ठेव, ती उघडी पडली की वडा निसटतो. दोन्ही आतल्या बाजूंना चटणी, त्यावर चुरा, मध्ये वडा, आणि तळहाताने एकदाच दाब. पाव भाजू नकोस, गाडीवर भाजत नाहीत. गुंडाळायला साधा कोरा कागद घे, वर्तमानपत्र नको. गरम तेलाने शाई सुटते.

बटाटे शुक्रवारी रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवलेस तरी चालतील, उलट गोळे चांगले वळतात. बेसन मात्र तळायच्या दहा मिनिटं आधीच भिजव, आणि हिंग संपत आलाय, तो आईला आणायला सांग.

तुझा,
बाबा