मोबाइल न देता पोळ्या कशा करायच्या?

"मॅडम, मी वाईट आई आहे का, तेवढं सांगा." खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तोच तिचा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा साडेतीन वर्षांचा. ही लोकलनं नोकरीला जाणारी. साडेसहाला पाळणाघरातून त्याला घ्यायचं, घरी येऊन पर्स टाकली की थेट ओट्याशी. साडेआठपर्यंत स्वयंपाक, आणि तेवढा वेळ मुलाच्या हातात मोबाइल. नाही दिला तर पायाला मिठी, गॅसपाशी लुडबुड, मग भोकाड. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितली आहे, हे तिनं वाचलेलं. पोळ्या लाटताना तिच्या डोक्यात तो एक तास टिकटिकत राहायचा.

माझ्याकडे महिन्यात दोन-तीन आया तरी हाच प्रश्न घेऊन येतात. बाबा क्वचितच.

आधी माझी चूक सांगते. मी तिला खेळांची यादी दिली. तांदूळ रंगवा, कापूस चिकटवा, मूग आणि राजमा वेगळे करायला द्या. पंधरा दिवसांनी आली ती जास्तच दमलेली. "तांदूळ रंगवून वाळवायला माझी रविवारची दुपार गेली. तो खेळला सहा मिनिटं. आणि राजम्याचा एक दाणा नाकात जाता जाता राहिला." बरोबरच होतं तिचं. ओट्याशी पाठ करून उभ्या असलेल्या बाईला मी लहान मुलाच्या हातात दाणे द्यायला सांगायलाच नको होतं. यादी फाडून टाकायला सांगितली.

मग आम्ही फक्त तिची संध्याकाळ कागदावर उतरवली. साडेसहा ते सात काय होतं? ती म्हणाली, "काही नाही, येतो आणि मी कामाला लागते." ते 'काही नाही' मी तिला पुन्हा वाचायला लावलं. दिवसभरानं भेटलेली आई घरात आल्या आल्या पाठमोरी होत होती. पोरगं खेळणं मागतच नव्हतं.

ठरलं ते एवढंच. घरात शिरल्यावर पंधरा मिनिटं जमिनीवर बसायचं. फोन पर्समध्ये. चहा हवा तर घ्या, पण मांडी त्याची. कुकर पंधरा मिनिटांनी लागला म्हणून कोणी उपाशी झोपत नाही.

त्यानंतर त्याला काम द्यायचं, आणि ते खरं. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं, तेव्हा त्यांच्याही हेच ध्यानात आलं होतं: मुलं खेळणी बाजूला ठेवून खऱ्या कामाकडे वळतात. आपल्याकडे पूर्वी लेकरं भाजी निवडणाऱ्या आजीच्या पुढ्यात बसायची, ते काही कोणी शिकवलं नव्हतं.

गॅसपासून लांब, पण आई दिसेल अशी चटई घातली. मेथीची जुडी त्याच्यापुढे. पहिल्या दिवशी त्यानं एक एक पान खुडून ताटलीत मांडलं, देठ वेगळे रचले, मग देठांची आगगाडी केली. वीस मिनिटांत भाजी मूठभरही निघाली नाही. तिनं उरलेली स्वतः निवडली आणि, हे महत्त्वाचं, त्यानं निवडलेली त्याच्यासमोर पुन्हा निवडली नाही. दुसऱ्या दिवशी कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या. चौथ्या दिवशी काहीच चाललं नाही, तो रडला आणि तिनं मोबाइल दिला. फोन करून मला सांगताना आवाज चोरट्यासारखा. मी म्हटलं, चारातले तीन दिवस जमले की.

"पण तो कंटाळला तर?" कंटाळू द्या. थोडी कुरकुर ऐकून घ्या. आपण धावलो नाही तर बऱ्याचदा त्यातूनच मुलाला काहीतरी सुचतं.

एक प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता: साडेसातला त्याचे बाबा घरी येतात, मग? "ते सांभाळतात ना. फोनवर गाणी लावून देतात." पुढच्या भेटीला मी दोघांना बोलावलं. बाबा आधी अवघडून बसले होते. आता आंघोळ आणि कणकेनं चिकट झालेली फरशी त्यांच्याकडे आहे.

रविवारी दुपारी अर्धा तास कार्टून अजून चालतं. ती तेवढा वेळ आडवी होते. ते बंद करायला मी सांगितलेलं नाही.