गाडी झुकलेलीच, आणि गॅरेजवाला पैशाशिवाय सोडेना

भाऊ, तुमचा मेसेज नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. हे वाचक निफाड तालुक्यातले, स्वतःची पिकअप स्वतःच चालवतात, टोमॅटोचे क्रेट पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला नेतात, बँकेचा हप्ता चालू आहे. गाडी रिकामी असली तरी ड्रायव्हर साईडला झुकायला लागली म्हणून गॅरेजला लावली. त्याने मागचे दोन्ही शॉकअप बदलले, बिल केलं २१,४०० रुपयांचं, त्यातले ८,००० आधीच घेतलेले. गाडी आहे तशीच झुकलेली. आता म्हणतो राहिलेले १३,४०० टाका मगच गाडी हलेल, वर रोजचे २०० रुपये पार्किंग. तुमच्याकडे दुसरी चावी आहे आणि तुम्ही विचारताय की रात्री जाऊन गाडी काढून आणू का.

नका आणू. गाडी आपलीच आहे तर चोरी कशी, असं तुम्हाला वाटणारच, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची जी उदाहरणं दिलीत त्यात अगदी हेच आहे, घड्याळ दुरुस्तीला दिलं, दुरुस्तीचे पैसे द्यायचे राहिलेत, दुकानदाराने त्यासाठी घड्याळ कायद्याने अडवून ठेवलंय आणि मालकाने त्याचं ते तारण बुडवायच्या हेतूने ते उचलून नेलं, तर ती चोरी. आज तक्रारदार तुम्ही आहात, रात्री चावी फिरवली की सकाळी तुम्ही आरोपी व्हाल.

आता गॅरेजवाल्याला गाडी अडवायचा खरंच हक्क आहे का? करार कायद्याचं कलम १७० सांगतं की ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कसब लावून काम केलंय त्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवता येते. पण ते काम वस्तू ज्यासाठी दिली त्यानुसार झालेलं पाहिजे. तुम्ही गाडी दिली झुकाव काढायला. गाडीचं वजन पाटे (लीफ स्प्रिंग) पेलतात, शॉकअप फक्त उसळी आवरतो, त्यामुळे उभी गाडी एका बाजूला बसलेली असेल तर शॉकअप बदलून ती सरळ होईल अशी अपेक्षा कुठलाच चांगला मिस्त्री ठेवणार नाही, आणि तुमची बाजू इथेच मजबूत आहे. पार्किंगचं तर सोडाच, त्याने स्वतःच्या पैशासाठी गाडी अडवली, त्या अडवण्याचं भाडं तुमच्याकडून मागता येत नाही, आधी तसं लेखी ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

तरीपण हा वाद कोर्टात सुटेपर्यंत गाडी तिथे सडणार आणि हप्ता काही थांबणार नाही. म्हणून माझा सल्ला, पैसे भरा पण हरकत नोंदवून. व्हॉट्सॲपवर आणि बिलाच्या मागे लिहा, "काम अपुरं आहे, गाडी सोडवून घेण्यासाठी हक्क राखून पैसे देत आहे." यूपीआयनेच द्या, रोख नको. जीएसटीचं पक्कं बिल मागा, काढलेले जुने शॉकअप परत मागा. हे केलं की "पैसे दिले म्हणजे काम मान्य केलं" असं त्याला नंतर म्हणता येणार नाही.

आणि गाडी बाहेर काढायच्या आधी, तिथेच, त्याच्या माणसासमोर एक माप घ्या. गाडी रिकामी, सपाट फरशीवर, दोन्ही बाजूंची हवा सारखी. टेप धरून चाकाच्या मधल्या भागापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा, टेपवरचा आकडा आणि नंबरप्लेट एकाच व्हिडिओत येऊ द्या. नंतर दुसऱ्या गॅरेजला उघडून बघा, मेन पाटा तुटलाय का, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट गेलाय का, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) बुश संपलेत का. तिथे डावी-उजवीकडचे पाटे अदलाबदल करून पाहता येतात, झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाट्यांचा, तिथेच राहिला तर चेसिस किंवा पाटा अडकवायचे हँगर वाकलेत का ते बघायचं. हे जे काही निघेल ते ऑटोमोबाईल इंजिनिअर किंवा गाड्यांच्या सर्व्हेअरकडून लेखी घ्या, कारण ग्राहक आयोगासमोर तुमचं म्हणणं आणि त्याचं म्हणणं एवढंच राहिलं तर केस लंगडी पडते.

मग स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवसांची मुदत, आणि नाही ऐकलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असं नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. तो म्हणणार गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितलंय की पोट भरायला स्वतः ट्रक चालवणारा ग्राहक ठरतो, तोच ट्रक पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती दिला तर नाही. फक्त २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला याबद्दलचा खुलासा विकत घेतलेल्या वस्तूंबद्दल बोलतो, सेवेचं नाव त्यात नाही, म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की गाडी मीच चालवतो, घर त्याच्यावर चालतं आणि दुरुस्तीही त्याचसाठी होती. लायसन्स आणि मार्केटच्या विक्रीच्या पट्ट्या जोडा. मधल्या दिवसांत माल न्यायला भाड्याची गाडी केली असेल तर त्याच्या पावत्या ठेवा, ती भरपाई मागता येते.

एक गोष्ट मला खरंखरं सांगा, ओव्हरलोड करता का? २० किलोचा एक क्रेट म्हटलं तरी शंभर क्रेटला दोन टन होतात, आरसीवर किती वजन पास आहे ते बघा. तो हाच मुद्दा काढणार आहे, तेव्हा वजनकाट्याच्या पावत्या काय सांगतात ते मला आधी कळू दे, नंतर त्याच्या वकिलाकडून नको.

आणि झुकलेली गाडी भरून रस्त्यावर काढू नका. दोष माहीत असताना धोकादायक गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे, आणि घाटात कोपऱ्यावर क्रेट एका अंगाला सरकले तर तुमचा जीव जातो हो. पैसे भरून गाडी निघाली की सरळ पाटेवाल्याकडे न्या, रिकामी आणि हळू, लांब असेल तर टो करून. बिल, व्हिडिओ आणि दुसऱ्या गॅरेजचं लेखी मत हातात आलं की मला पाठवा, नोटिशीचा मसुदा मी करून देतो.