जंतनाशक की जंतुनाशक?

यवतमाळकडच्या एका गावातून आलेला प्रश्न: शाळेच्या फळ्यावर 'उद्या जंतुनाशक गोळी मिळेल' असे लिहिले होते, ते बरोबर का? आणि 'जंतू कमी झाले म्हणून ॲलर्जी वाढली' म्हणतात, ते याच गोळीबद्दल का?

फळ्यावर एक उकार जास्तीचा पडला आहे. जंतुनाशक म्हणजे फिनाईल वगैरे. शाळेत-अंगणवाडीत देतात ती अल्बेंडाझोल, जंतनाशक. 'जंताची गोयी' म्हणणाऱ्या आजीची ही चूक कधीच होत नाही. ती होते शुद्ध लिहायला गेलेल्याची, त्याला 'जंत' गावंढळ वाटतो.

मूळ एकच, संस्कृत 'जन्तु': जन्मलेला कोणताही जीव. 'जीवजंतू'त तो अर्थ अजून आहे. बोलण्यात झिजून 'जंत' झाला नि पोटापुरता उरला. पोथीतल्या 'जंतू'च्या वाट्याला सूक्ष्मदर्शकाखालचे जीव आले. जंतांना, जंतूंना ही रूपेही वेगळी. सुटा लिहिताना 'जंतू' दीर्घ, समासात ऱ्हस्व; म्हणून 'जंतूनाशक'ही चूकच.

शरीरही हा भेद पाळते. जंतू एवढासा, पांढरी पेशी त्याला गिळते. वीतभर जंत कोण गिळणार? त्याच्यासाठी इओसिनोफिल पेशी नि आयजीई प्रतिपिंडे अशी निराळी फौज आहे, आणि ॲलर्जीत धुळीवर, परागांवर चवताळते ती हीच. वर्षानुवर्षे टिकायचे म्हणून जंत तिला थोपवून धरतात.

आता दुसरा प्रश्न. ॲलर्जी वाढल्याची ही कल्पना ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये मांडली ती लहानपणीच्या संसर्गांबद्दल, म्हणजे जंतूंबद्दल. जंतांचा मुद्दा त्याला पुढे जोडला गेला. मराठी लेखांत दोन्हीकडे 'जंतू' छापतात आणि दोन दाव्यांचा एक होतो. जंतांचा दावाही सरसकट खरा नाही. अनवाणी वावरात फिरताना तळपायातून शिरणाऱ्या अंकुशकृमीशी दमा कमी असण्याचा संबंध दिसला, तर गोल जंताशी उलट, जास्त असण्याचा. डुकराच्या चाबूककृमीची अंडी पाजून आतड्याचा क्रोन आजार आटोक्यात आणायचे प्रयोगही झाले. सुरुवातीला आशा वाटली, मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. तेव्हा ॲलर्जीच्या धाकाने गोळी टाळू नये. अंकुशकृमी रक्त पितो, लेकरू पांढरेफटक पडते.

फळ्यावर एवढे पुरे: 'उद्या जंतनाशक गोळी. दोन वर्षांवरील मुलांना एक, ४०० मिलिग्रॅमची, चावून खायची; तीन वर्षांखालच्यांना मात्र चुरून पाण्यातून. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. आजारी लेकराला बरे झाल्यावर.'