नोव्हेंबर संपत आला तरी थंडी नाही, गच्चीवरच्या झाडांचं काय होणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोव्हेंबर संपत आला तरी रात्री पंखा लागतोय. शेवंतीने कळ्या धरल्यात पण त्या उमलत नाहीत, कोथिंबीर हाताला यायच्या आत फुलावर आली, कुंडीतल्या हापूसच्या कलमाला मोहोराऐवजी तांबूस पालवी फुटली. झाडं आजारी आहेत का, खत घालू का? आणि न्यू जर्सीतल्या बहिणीच्या अंगणात फोर्सिथिया (वसंतात पिवळ्या फुलांनी भरणारं झुडूप) आत्ताच फुललाय, ते चांगलं की वाईट?

खत घालू नका. झाडं आजारी नाहीत. बाकीचं जरा सविस्तर सांगतो.

दुपारच्या उन्हाला दोष देण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरात पुण्यात दुपारी पारा ३० च्या आसपास असतोच. बिघडतं ते रात्री. या महिन्यात इथलं सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या जवळपास आणि डिसेंबरात १२ च्या जवळपास असतं. आकाश निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडून देते आणि पहाटे हुडहुडी भरते. ढग आले की ती उष्णता अडते. हे ढग बरेचदा बंगालच्या उपसागरातून येतात, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथल्या चक्रीवादळांचा हंगाम. २०२४ मध्ये नोव्हेंबरच्या शेवटी पुण्यात चांगली थंडी पडली होती. ३० तारखेला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वेटर पुन्हा कपाटात गेले. वादळ तिकडे, परिणाम आपल्या कुंड्यांवर.

त्यात तुम्ही शहरात कुठे राहता याने फार फरक पडतो. मगरपट्टा, वडगावशेरी भागातलं किमान तापमान शिवाजीनगर किंवा खडकवासल्याजवळच्या एनडीएपेक्षा (लष्करी प्रबोधिनीपेक्षा) काही अंशांनी जास्त असतं. म्हणजे पेपरात ‘पुणे गारठलं’ अशी बातमी असली तरी तुमच्या गच्चीला ते ठाऊक असेलच असं नाही. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. थेट स्लॅबवर ठेवलेल्या कुंडीची मुळं त्या उबेत असतात. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर कुंड्या उचलून ठेवा. साधं काम आहे, पण या दिवसांत माझ्या मते याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही. पहाटे साडेपाच-सहाला गच्चीवर एक साधा तापमापक बघायची सवय लावून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप समजायला लागेल.

आता झाडाच्या बाजूने बघा. ऋतू बदलला हे झाडाला दोन गोष्टींवरून कळतं: रात्र किती मोठी झाली आणि रात्र किती गार झाली. पहिली खूण कधीच चुकत नाही. जूनमध्ये पुण्यात सव्वातेरा तासांचा दिवस असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो, दरवर्षी, ठरलेल्या तारखांना. दुसरी खूण मात्र बेभरवशाची. यंदा तुमच्या बागेत पहिली खूण आलीय, दुसरी आलेली नाही, आणि प्रत्येक झाड त्यातल्या कुठल्या खुणेला जास्त मानतं त्याप्रमाणे वागतंय.

शेवंती रात्रीच्या लांबीवर कळी धरते. ती अट केव्हाच पूर्ण झाली, म्हणून कळ्या दिसतायत. पण कळी फुगून उमलायला तिला रात्री साधारण १५ ते १८ अंश तापमान मानवतं. रात्री त्याच्या बऱ्याच वर राहिल्या की कळीची वाढ मंदावते, फूल दोन-तीन आठवडे मागे पडतं. मरत नाही, थांबतं. थंडी आली की त्याच कळ्या उमलतील. एक गोष्ट मात्र तपासा: रात्री त्या कुंडीवर रस्त्यावरचा दिवा किंवा शेजाऱ्यांच्या गच्चीवरचा एलईडी पडतो का? शेवंतीला मध्यरात्रीचा उजेड चालत नाही. पॉलिहाउसवाले सणाच्या बाजारासाठी फुलं मागे ढकलायची असली की मुद्दाम रात्री दिवे लावतात. तसा उजेड पडत असेल तर कुंडी हलवा, नाहीतर थंडी येऊनही तुम्ही वाट बघत बसाल.

रंग फिका येईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दिवसभर पानांनी केलेली साखर झाड रात्री श्वसनात काही प्रमाणात खर्च करतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. उबदार रात्रींत फुलाच्या वाट्याला कमी उरतं. ऑक्टोबरात छाटलेला गुलाब अशा वर्षी लवकर फुलतो, पण फूल लहान, पाकळ्या कमी. गुलाबी-जांभळा रंग देणारं अँथोसायनिन गारव्यात जास्त तयार होतं, म्हणून उकाड्यात तेच रंग जास्त फिके पडतात. पांढऱ्या-पिवळ्या फुलांत फरक तितका जाणवत नाही.

कोथिंबिरीचं प्रकरण सोपं आहे. उकाडा आणि कोरडी पडणारी माती, दोन्ही एकत्र आलं की ती पानं सोडून बिया करायच्या मागे लागते. फुलावर आलेली कोथिंबीर परत पानावर येत नाही, त्यामुळे दांडे खुडत बसण्यात वेळ घालवू नका. फुलं राहू द्या, मधमाश्या येतील, धणे मिळतील. नवीन पेरा, पण एकदम सगळे धणे टाकू नका. दर पंधरवड्याला थोडे थोडे, दुपारची सावली मिळेल अशा जागी. मुळ्याचंही तसंच, उकाड्यात तो तिखट होतो आणि लवकर जून होऊन आत पोकळ पडतो. कोवळा असतानाच उपटा. फ्लॉवर लावला असेल तर पाकिटावर वाण बघा. उशिराच्या, म्हणजे कडक थंडीच्या वाणांना गारवा मिळाल्याशिवाय गड्डाच धरत नाही, नुसती पानं वाढत राहतात. लोक अशा वेळी ‘काहीतरी कमी पडतंय’ म्हणून आणखी शेणखत घालतात आणि आणखी पानं मिळवतात.

लसूण अजून लावला नसेल तर घाई नको. पाकळ्या धरायला लसणाला गारवा लागतो. उबदार हिवाळ्यात बिनपाकळीचा एकच गोल कांदा निघतो. लावायचा गड्डा महिनाभर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून मग पाकळ्या लावल्या तर ही उणीव बरीच भरून निघते. आधीच लावून झाला असेल तर पात कापून खा, पातीच्या लसणाची चटणी काही वाईट लागत नाही.

आता हापूस. खरं दुखणं इथे आहे, आणि कोकणात ज्यांची कलमं आहेत त्यांच्यासाठी तर हा वर्षाच्या मिळकतीचा प्रश्न असतो. आंब्याला मोहोरासाठी पक्व काडी आणि सलग काही गार रात्री, १५-१६ अंशांच्या जवळ जाणाऱ्या, अशा दोन्ही गोष्टी लागतात. परतीचा पाऊस लांबला, मातीत ओल राहिली आणि रात्री उबदार राहिल्या की झाडाला वाटतं अजून वाढीचेच दिवस आहेत, ते पालवी फेकतं. ही कोवळी तांबूस पालवी हिरवी होऊन जून व्हायला वेळ घेते, आणि तोवर त्या काडीवर मोहोराची आशा धरू नये. म्हणजे नोव्हेंबरातल्या पालवीने तुमचा मोहोर निदान जानेवारी-फेब्रुवारीवर ढकलला. ज्या फांद्यांना पालवी आली नाही, जिथे पानं गडद हिरवी आणि कडक आहेत, तिथे थंडी आल्यावर आधी मोहोर दिसेल.

कोकणातले बागायतदार जुलै-ऑगस्टमध्ये कलमांच्या बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं रसायन देतात ते यासाठीच. ते झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, दाबतं, पालवी कमी होते, मोहोर लवकर येतो. कुंडीत मात्र तो प्रयोग नको, मातीत ते फार काळ टिकतं आणि छोटं कलम खुरटतं. तुमच्या हातात पाणी आहे. कलमाचं पाणी आता तोडा. पानं कोमेजून लोंबू लागली तरच थोडं द्या. नत्र, म्हणजे युरिया, ताजं शेणखत, नर्सरीत मिळणारी ‘ग्रोथ’वाली बाटली, यातलं काहीही मोहोर येईपर्यंत नको. नर्सरीवाला बाटली विकणारच, त्याचा तो धंदा आहे. (थंडी खूप आणि लांबलेली पडली तरी बागायतदार खूश नसतो, हेही सांगून ठेवतो. मोहोरात नरफुलं वाढतात, आणि फळं धरलेल्या झाडावर पुन्हा मोहोर येऊन आधीची फळं गळतात. आंब्याला खूश करणं सोपं नाही.)

कागदी लिंबू असेल तर त्यालाही हाच न्याय. ताण, म्हणजे फुलण्याआधीची सक्तीची विश्रांती, बसायला थंडी मदत करते, ती नसेल तर पाणी तोडून ताण द्यायचा. डिसेंबरात पाणी बंद, पानं थोडी पिवळी पडून गळू लागली की जानेवारीत हळूहळू पाणी देऊन ताण तोडायचा. कुंडीत हे जपून करा, कुंडीतली माती जमिनीपेक्षा कितीतरी लवकर वाळते. मोगऱ्याला आत्ता येणारी चुकार फुलं घ्या आणि पुढच्या महिन्यापासून त्यालाही विश्रांती द्या.

किडींकडे लक्ष ठेवा, कारण कोवळी पालवी आणि ढगाळ हवा हे त्यांना आमंत्रण. मावा शेंड्यांवर, तुडतुडे आंब्याच्या पालवीवर आणि नंतर मोहोरावर. हवा कोरडी-उबदार राहिली तर गुलाबाच्या पानाखाली लाल कोळी. त्याला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा सकाळी मारला तरी बराच आटोक्यात येतो. निंबोळी तेल संध्याकाळी फवारा, उन्हात नको.

जास्वंद, मिरची, वांगी, बोगनवेल, अडेनियम यांना थंडी लांबली तर आनंदच आहे. त्यांची चिंता सोडा.

बहिणीचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे उबदार नोव्हेंबरने फार तर मोहोर उशिरा येतो. तिच्याकडे मागून बर्फ येतो. फोर्सिथियाच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात. थोडी थंडी आणि मग उबदार आठवडा आला की त्यातल्या काही कळ्या वसंत आला समजून उमलतात. जेवढ्या आत्ता उमलल्या तेवढ्या वसंतात कमी, झाडाला धोका नाही. धोका असतो तो नव्या कोवळ्या फुटव्यांना, कारण ते कडक होण्याआधी गोठणारी रात्र आली तर काळे पडतात. म्हणून तिने आत्ता छाटणी करू नये आणि खत घालू नये, दोन्हींनी नवी फूट येते. मुळांवर पालापाचोळ्याचा थर द्यायचा तोही हवा चांगली गार झाल्यावर. आधी घातला तर माती उबदारच राहते. पाऊस नसेल तर जमीन गोठेपर्यंत अधूनमधून पाणी मात्र द्यावं. आणि फेब्रुवारीत हात शिवशिवले तरी कात्री नको, फोर्सिथिया वसंतात फुलून गेल्यावर छाटायचा.