जून आला की ठेव मोडते

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि मिळून महिन्याला 54,000 रुपये घरात येतात. दरमहा 5,000 रुपयांची आवर्त ठेव आम्ही न चुकता भरतो. परंतु जून आला की मुलांच्या फीसाठी ती मोडावी लागते, आणि दिवाळीनंतर क्रेडिट कार्डाचे बिल दोन-तीन महिने फिटत नाही. उधळपट्टी म्हणावी असे काही होत नाही. वर्षभरात एकरकमी येणाऱ्या खर्चांची यादी सोबत जोडली आहे. आमचे चुकते कोठे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण महिन्याचा हिशेब चोख ठेवता, वर्षाचा मात्र ठेवत नाही. आपल्या यादीत शाळेची फी व वह्या-पुस्तके 38,000, गणपती-दिवाळी 30,000, मार्चमधील विम्याचे हप्ते 24,000, उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरणे व तिखट कांडून आणणे 18,000, चैत्रातील गावची जत्रा 12,000, लग्नाकार्यांचे आहेर 10,000, घरपट्टी 6,000 आणि दुचाकीचा विमा व दुरुस्ती 6,000 असे खर्च आहेत. त्यांची बेरीज 1,44,000 होते, म्हणजे महिन्याला बरोबर 12,000. यातला एकही खर्च अचानक आलेला नाही. जत्रेची तिथीसुद्धा पंचांगात आधीच छापलेली असते.

तेव्हा ज्या 5,000 रुपयांना आपण बचत म्हणत आला आहात, ती बचत नव्हतीच. तो जूनचाच खर्च होता, फक्त ठेवीच्या नावाने बाजूला पडत होता. उरलेले 7,000 आपण आजही खर्च करताच आहात, पण काही महिन्यांत घरखर्चाला कात्री लावून आणि काही महिन्यांत कार्डावर टाकून. म्हणून आपले घर 54,000 मध्ये नव्हे, तर 42,000 मध्ये चालवायचे आहे हे एकदा मान्य करावे लागेल. हे ऐकायला बरे वाटत नाही, याची मला कल्पना आहे.

या 12,000 रुपयांसाठी एक वेगळे बचत खाते ठेवावे, त्याला ना डेबिट कार्ड घ्यावे ना यूपीआय जोडावे, आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. आवर्त ठेवीपेक्षा येथे व्याज थोडे कमी मिळेल. पण दर दोन-तीन महिन्यांनी काढावी लागणारी रक्कम ठेवीत अडकवून ती मुदतीआधी मोडण्यापेक्षा हे बरे. सुरुवात जुलैत करावी. जानेवारीत केली तर जूनपर्यंत 72,000 जमतील आणि विमा, धान्य, घरपट्टी व फी मिळून 86,000 लागतील, शिवाय जत्रा वेगळीच. जुलैत केली, तर दिवाळी, दुचाकी व आहेर उरकून मार्चचे हप्ते भरल्यावरही खात्यात 38,000 राहतात आणि पुढच्या जूनची फी भरल्यावर खाते शून्यावर येते. ते शून्य पाहून घाबरू नये. खात्याचे काम तेवढेच आहे.

कार्डाची थकबाकी मात्र त्याआधी फेडावी, त्यासाठी चालू ठेव मोडावी लागली तरी चालेल. कार्डावर बहुधा दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागते, आणि बिलातील फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बारा जणींची दरमहा 3,000 रुपयांची भिशी आहे. ही बचत समजावी का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आपली चिठ्ठी केव्हा निघते यावर ते अवलंबून आहे. पहिल्याच महिन्यात 36,000 हाती आले, तर ते बिनव्याजी कर्ज. शेवटी आले, तर बिनव्याजी बचत. हप्ता चुकवायचा नाही ही शिस्त भिशीमुळे लागते, आणि चारचौघींच्या लाजेने का होईना, ती टिकते, हा तिचा मोठा गुण आहे. धोका एवढाच, की आधी पैसे उचललेल्या एखादीने पुढे हप्ते थांबवले, तर शेवटच्या चिठ्ठीवालीला दाद कोठे मागायची हा प्रश्न उभा राहतो, कारण भिशी हा चिट फंडाचाच प्रकार, चिट फंडासाठी 1982 च्या कायद्यानुसार नोंदणी लागते आणि घरगुती भिशी सहसा नोंदलेली नसते. वर्षानुवर्षे ओळखीच्या बायकांत, बुडाले तरी घर अडणार नाही एवढ्याच रकमेची भिशी लावावी. लिलावाच्या भिशीत, म्हणजे जी सर्वात कमी रक्कम घ्यायला तयार होते तिला त्या महिन्याचे पैसे मिळतात अशा भिशीत, पडूच नये.

प्रश्न : पतसंस्थेत बँकेपेक्षा एक टक्का व्याज जास्त मिळते. निवृत्तीचे पैसे तेथे ठेवावेत का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : सगळे तर मुळीच ठेवू नयेत. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील मुद्दल व व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असते. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. हे संरक्षण सहकारी बँकांनाही लागू आहे, पतसंस्थांना नाही. 5 लाखांवर तो एक टक्का वर्षाला 5,000 रुपये होतो, आणि तेवढ्यासाठी आपण मुद्दलाचा विमा सोडून देत असता.